गुळ्या शांत पडून होता

कुंभकोणममध्ये पितळी भांड्यांच्या दुकानांची रांग संपते, तिथे कृष्णप्रसादांचं औषधांचं दुकान आहे. ते डॉक्टर नाहीत. फार्मसी शिकलेले आणि वडिलांच्या मागे दुकान सांभाळणारे गृहस्थ. पण आजूबाजूच्या गल्ल्यांत कुणाला ताप आला, पोट बिघडलं, अंगावर पुरळ उठलं, की माणूस आधी त्यांच्याकडे येई. "डॉक्टर सार, जरा बघा ना." सुरुवातीला ते "मी डॉक्टर नव्हे हो" म्हणत. पुढे पुढे म्हणेनासे झाले. ती हाक कानाला गोड लागू लागली होती.

घर दुकानामागच्याच गल्लीत. पूर्वज मराठी राजांच्या वेळी तंजावरला आले आणि इकडचेच झाले. घरात जुन्या वळणाची तंजावरी मराठी, पायरी उतरली की तमिळ. मुलगी लावण्या लग्न होऊन कोयंबतूरला गेल्यापासून घरात ते, बायको अलमेलु आणि गुळ्या. कॉलेजात असताना लावण्याने तिरुभुवनमच्या एका विणकराच्या ओसरीवरून हे पिल्लू उचलून आणलं होतं. रंग गुळाचा, म्हणून गुळ्या. गल्लीतल्या तमिळ कानांना ते 'कुळ्ळा' असं ऐकू येई, म्हणजे बुटका. कुत्रा चांगला उंच, लांब पायांचा. तरी सगळी गल्ली त्याला बुटक्या म्हणून हाक मारी, आणि तोही शेपूट हलवत जाई.

भांड्यांच्या बाजारातली ठोकाठोक त्याला कधी बाधली नाही. फटाका मात्र सोसत नसे. एकदा गल्लीतून प्रेतयात्रा जात असताना इकडच्या रिवाजाने पुढे लावलेली फटाक्यांची माळ नेमकी त्यांच्या पायरीपाशी फुटली, आणि तेव्हापासून ही भीती वाढतच गेली. लांब कुठे बार झाला तरी तो थरथरू लागे, लाळ गाळी, देवघरात शिरून घाण करी. एकदा घरात कोणी नव्हतं तेव्हा तो खिडकीचे गज चावत राहिला. अलमेलु परत आली तर दात तुटलेला, तोंड रक्ताने भरलेलं.

कृष्णप्रसादांना त्याची कीव येई, पण कीवेहून लाज अधिक. समोरच्या घरातला साईकुमार, ज्याच्या दारात मोठा पांढरा राजपाळयम जातीचा कुत्रा बांधलेला असे, हसून म्हणे, "सार, तुमच्या कुळ्ळाला उंदीरसुद्धा पळवून लावेल." कृष्णप्रसाद वरवर हसत, आणि घरात येऊन गुळ्यावर ओरडत, "ऊठ! काय जालं? कोणी मारलं का तुज?"

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, अलमेलु त्याला एकटीच तिरुभुवनमच्या रस्त्यावरच्या जनावरांच्या डॉक्टर शिवरंजनींकडे घेऊन गेली. परत आली ती चिठ्ठी घेऊन.

"डॉक्टरबाई म्हणाली, हा त्याचा हट्ट नव्हे, आजार आहे. रोज एक गोळी द्यायची. गुण यायला महिना-दीड महिना लागेल. पहिल्यांदा जरा सुस्त होईल, खाणं कमी करेल, तर घाबरायचं नाही. अन् मध्येच बंद करायची नाही. बारीक आवाजाची सवय कशी लावायची तेही दाखवलं. दिवाळीच्या दिवसासाठी वेगळी गोळी देणार, त्यापूर्वी पुन्हा ये म्हणाली."

कृष्णप्रसादांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. ही गोळी ते रोज विकत. ती मागणारी माणसं दुकान रिकामं होईपर्यंत बाजूला उभी राहत, आवाज खाली आणून बोलत, आणि कृष्णप्रसादही पाकीट कागदात गुंडाळून देत.

"ही मनाच्या रोग्यांची गोळी आहे, अलमेलु. कुत्र्यास द्यायची? लोक काय म्हणतील? ह्या घरात कुत्र्यासदेखील वेड लागलं म्हणतील."

"कोण बघायला येतंय?"

"दुकान माझं. औषधांतलं अस्कं मज कळतं. तू सोड हे माझ्यावर."

औषधाच्या बाबतीत तिने त्यांच्यापुढे कधी शब्द काढला नव्हता. ह्याही वेळी काढला नाही. त्यांनी थोडे दिवस गोळी दिली. डॉक्टरबाई म्हणाली होती तसा गुळ्या सुस्त झाला, दहीभात वास घेऊन सोडू लागला. कृष्णप्रसादांना तेवढं निमित्त पुरलं. गोळी बंद केली, आणि अलमेलुला मात्र सांगितलं, "चालू आहे, मी दुकानातूनच देऊन येतो." गुळ्या दुपारी दुकानात त्यांच्या पायाशी पडून असे, म्हणून तिला ते खरं वाटलं. त्याचं खाणं पूर्वीसारखं झालं तेव्हा ती म्हणाली, "बघा, मानवली की गोळी." ते चपला घालून दुकानाकडे निघाले.

दिवाळी जवळ आली. डॉक्टरबाईंकडे पुन्हा जायचं तर रोजच्या गोळीची गोष्ट निघणार. त्यापेक्षा त्यांना एक जुनी, स्वस्त गुंगीची गोळी आठवली. पूर्वी प्रवासाआधी कुत्र्यांना देण्यासाठी ती लिहून दिलेली त्यांनी पाहिली होती. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ती केळ्यात घालून गुळ्याला चारली. अर्ध्या-एक तासात गुळ्याचे पाय लटपटले आणि तो पुढच्या खोलीतल्या फरशीवर आडवा झाला. बाहेर माळा फुटू लागल्या. दरवर्षी ह्या वेळेला घर डोक्यावर घेणारा कुत्रा हलला नाही.

कृष्णप्रसादांना काय आनंद झाला! त्यांनी मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. बाहेरचा धडाका आणि आत शांत पडलेला गुळ्या. लावण्याला पाठवलं, मग गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'आमचा कुळ्ळा यंदा शूर झाला.' लगेच विचारणा सुरू झाली. साईकुमार स्वतः आला. त्याचा राजपाळयमदेखील फटाक्यांना घाबरून पलंगाखाली बसतो, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं. आणखी दोघं-तिघं आले. सगळ्यांना कृष्णप्रसादांनी गोळ्या दिल्या. वजन विचारून, बोटांवर हिशोब करून, अगदी डॉक्टरांच्या रुबाबात.

शेवटी आल्या त्या गल्लीच्या टोकाच्या विशालाक्षी मामी. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, कृष्णप्रसादांना धाकट्या भावासारखं 'तंबी' म्हणणाऱ्या. त्यांच्याकडे चपट्या नाकाचा, म्हातारा पग होता, नाव बोंडा. चालताना तो घोरल्यासारखा श्वास घेई.

"तंबी, माझ्या बोंडालासुद्धा चालेल का रे? वय झालंय त्याचं. छातीतून आवाजही येतो."

"मामी, काळजी नको. अर्धी द्या. सगळा दिवस झोपेल. तुम्हीही जरा मोकळ्या व्हा."

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोंडा उठला नाही. कृष्णप्रसाद आणि अलमेलु त्यांच्या घरी गेले. मामी रडत होत्या, पण कृष्णप्रसादांना बघून त्यांनी डोळे पुसले. "वयच झालं होतं रे. पण तुझ्या पुण्याईने शेवटच्या दिवशी त्याला फटाके ऐकावे लागले नाहीत. झोपेतच गेला." मग त्या आत गेल्या आणि बोंडाच्या खाण्याचा न फोडलेला डबा घेऊन आल्या. "कुळ्ळाला दे. वाया कशाला जावं?"

कृष्णप्रसादांनी डबा घेतला. त्यांना त्या वेळी वाईट वाटलं ते फक्त मामींसाठी. मनात कुठे शंका चमकली असेल तर त्यांनी तिला थारा दिला नाही.

दिवाळीनंतर गुळ्या सुधारायच्या ऐवजी बिघडला. आता त्याला फटाकाच लागत नसे. कुकरची शिट्टी झाली, दाराची कडी पडली तरी तो भिंतीला चिकटून बसे. केळं दिसलं की लांब पळे. अलमेलु म्हणाली, "चला डॉक्टरबाईकडे." कृष्णप्रसाद निघाले. मोबाइल त्यांनी आठवणीने बरोबर घेतला. डॉक्टरबाई चित्रण बघून आपलं कौतुक करेल, असं त्यांना अजून वाटत होतं.

डॉक्टर शिवरंजनी वयाने कृष्णप्रसादांच्या लावण्याहून लहान दिसत होत्या. त्यांनी आधी गुळ्याला आपला हात हुंगू दिला, मग त्याच्याजवळ जमिनीवरच बसल्या आणि मोबाइल हातात घेतला. एकदा पूर्ण बघितलं. दुसऱ्यांदा लावलं आणि म्हणाल्या, "सार, आता त्याच्या अंगाकडे बघू नका, फक्त डोळ्यांकडे बघा."

कृष्णप्रसादांनी बघितलं. गुळ्याचे डोळे मिटलेले नव्हते. बाहेर बार झाला की कान हलत होता. दुसरा बार, पुन्हा कान. तोंडाखाली फरशी ओली झाली होती. एकदा पुढचा पाय उचलायचा प्रयत्न झाला आणि पाय परत पडला.

"काय दिलं होतंत?"

त्यांनी नाव सांगितलं.

डॉक्टरबाईंनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ह्या गोळीने शरीर लुळं पडतं. भीती जात नाही. त्याला सगळं ऐकू येत होतं, कदाचित नेहमीपेक्षा जास्त. फक्त पळता येत नव्हतं. तुम्ही त्याला दोरी न लावता बांधून ठेवलंत, सार." आवाजात राग नव्हता. "आणि मी दिलेली रोजची गोळी? ती चालू असती तर दिवाळीपर्यंत तिचा गुण दिसला असता."

कृष्णप्रसादांनी मान खाली घातली. अलमेलु वळून त्यांच्याकडे बघत राहिली. तिला तेव्हा कळलं.

"ही गोळी आणखी कोणाच्या कुत्र्याला दिलीत का? नीट आठवून सांगा. तिने रक्तदाब उतरतो. म्हातारा कुत्रा, कमजोर हृदयाचा किंवा चपट्या नाकाचा असला तर जिवावर बेतू शकतं."

"नाही," कृष्णप्रसाद म्हणाले. "कोणाला नाही."

एवढा वेळ गुळ्याच्या पाठीवर फिरणारा अलमेलुचा हात थांबला. पण तिने तोंड उघडलं नाही. परक्या माणसापुढे नवऱ्याला खोटं पाडणं तिच्याने झालं नाही, आणि त्याचीही तिला पुढे लाज वाटत राहिली.

घरी आल्यावर कृष्णप्रसाद दुकानात गेले नाहीत. झोपाळ्यावर बसून ते चित्रण पुन्हा पुन्हा लावत राहिले. ग्रुपवर त्याखाली लोकांनी टाकलेली जोडलेल्या हातांची आणि टाळ्यांची इवली चित्रं अजून दिसत होती. शेवटी अलमेलुने मोबाइल त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मामीस कोण सांगणार?"

"काय सांगायचं? डॉक्टरबाईने बोंडास बघितलं नाही. वयानेही गेला असेल."

"असेलही. पण तुम्हास काय वाटतं?"

त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "तिचं समाधान जालंय, अलमेलु. झोपेत गेला म्हणून. ते कशास मोडायचं?"

"तुम्ही तिच्या समाधानासाठी गप्प आहात का?"

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली.

पुढचे काही दिवस कृष्णप्रसादांनी मामींचं घर टाळलं. दुकानात जाताना पाठच्या बोळातून जात. पण मामी कुठे टळणार! गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात भजनाला त्या अधूनमधून जात, तशीच अलमेलुही. तिथे मामींनी चार बायकांसमोर अलमेलुचा हात धरून सांगितलं, "हिच्या नवऱ्यासारखा माणूस गल्लीत आहे हे आमचं भाग्य. माझ्या बोंडाला किती सोपं मरण आलं." अलमेलुने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. कृष्णप्रसाद जेवत होते. पानात हात तसाच राहिला.

कार्तिगै दीपम, म्हणजे इकडच्या पणत्या-फटाक्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी दुकानात एक अनोळखी बाई आली. तिच्या खांद्यावर बाळासारखा टेकवलेला, चपट्या नाकाचा, पांढरट पग होता. "सार, विशालाक्षी मामींनी पाठवलंय. फटाक्यांसाठी कुत्र्याची ती झोपेची गोळी हवी होती."

कृष्णप्रसाद त्या कुत्र्याकडे बघत राहिले. तो घुर्र घुर्र श्वास घेत त्यांच्याकडे बघत होता.

"ती गोळी मी देत नाही."

"पण मामी म्हणाल्या..."

"मामींना माहीत नाही." त्यांचा आवाज एकदम चढला. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. त्यांनी स्वतःला सावरलं आणि डॉक्टर शिवरंजनींचा पत्ता तिला समजावून दिला. ती गेल्यावर त्यांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि तसेच, चपला घालायचंही भान नसताना, मामींच्या घराकडे निघाले.

मामी ओसरीवर पणत्या पुसत बसल्या होत्या. "ये तंबी. ती बाई आली होती का?"

कृष्णप्रसाद उभेच राहिले. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना. "मामी, बोंडाला मी जी गोळी दिली, ती द्यायला नको होती. चपट्या नाकाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला ती सोसत नाही. मला हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला हवं होतं. न विचारता दिली. तो बहुतेक... बहुतेक त्या गोळीनेच गेला."

मामींच्या हातातली पणती हातातच राहिली. मग त्यांनी जे विचारलं, त्याची तयारी कृष्णप्रसादांनी केली नव्हती.

"त्याला फटाके ऐकू आले का?"

खोटं बोलायला अजूनही वाट होती. कृष्णप्रसाद म्हणाले, "हो. आले असणार. त्याला फक्त हलता येत नव्हतं."

"दरवर्षी मी त्याला मांडीवर घेऊन बसायची," मामी म्हणाल्या. "डोक्यावर पदर घालायची. तू म्हणालास झोपेल, मोकळ्या व्हा, म्हणून मी त्याला आतल्या खोलीत ठेवला आणि पुढच्या खोलीत टीव्ही बघत बसले. एकदाही आत गेले नाही. झोपमोड होईल म्हणून."

कृष्णप्रसाद हात जोडून उभे होते. मामी रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"जा आता," त्या म्हणाल्या. "मला पणत्या लावायच्या आहेत."

तिथून ते ज्यांना ज्यांना गोळ्या दिल्या होत्या त्यांच्या दारी गेले. सगळीकडे तेच सांगितलं, उरलेल्या गोळ्या परत घेतल्या. एक जण म्हणाला, "एवढं काय त्यात, माझ्या कुत्र्याला काही झालं नाही." दुसऱ्या घरी बाईने तोंडावर विचारलं, "मग आम्हाला पोरांना दिलेल्या औषधांचं काय? तीही अशीच देता का?" ह्या प्रश्नाने त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं, कारण त्याला 'नाही' असं छातीवर हात ठेवून म्हणता येईना. साईकुमारने मात्र गोळ्या निमूटपणे आणून दिल्या आणि कुत्र्याला दाखवायला कुठे न्यायचं ते विचारून घेतलं. ग्रुपवर कृष्णप्रसादांनी त्या चित्रणाखाली खरं काय ते लिहिलं. त्याखाली कोणी काही टाकलं नाही.

मग ते अलमेलुबरोबर पुन्हा डॉक्टर शिवरंजनींकडे गेले. "मागल्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोललो," म्हणून सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. समजूत काढली नाही, उपदेशही केला नाही. फक्त म्हणाल्या, "गुळ्याचं पहिल्यापासून सुरू करावं लागेल. आता वेळ जास्त लागेल. गोळी तुम्ही द्यायची की ह्यांनी?"

"ही देईल," कृष्णप्रसाद म्हणाले.

अलमेलु म्हणाली, "दोघं देऊ."

गुळ्या पुन्हा सुस्त झाला, पुन्हा खाणं टाकलं. ह्या वेळी दोघांनी धीर धरला. रोज दुपारी कृष्णप्रसाद जेवायला आले की मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू, ऐकू येईल न येईल इतका लावत आणि गुळ्यापुढे पनीरचे बारीक तुकडे टाकत. गुळ्याने कान टवकारले की आवाज बंद. पहिले कित्येक दिवस तो त्यांच्या हातचं काही घेतच नसे. अलमेलुच्या हातचं घेई. आपल्याच कुत्र्याने आपला हात हुंगून मान वळवावी, हे कृष्णप्रसादांना रोज बघावं लागलं. ते तुकडा जमिनीवर ठेवून मागे सरकत. पोंगलनंतर कधीतरी त्याने तो त्यांच्या बोटांतून घेतला. अलमेलुने बघितलं आणि ती हळूच स्वयंपाकघरात गेली. त्यांचे डोळे भरलेत हे तिला दिसलं होतं.

उन्हाळ्यात गल्लीतून पुन्हा एक प्रेतयात्रा गेली. बार उडाले तेव्हा गुळ्या उठून मागच्या खोलीत गेला, धापा टाकत कोपऱ्यात बसला. कृष्णप्रसाद जवळ जाऊन बसले. यात्रा वळली तसा तो उठला, अंग झाडलं आणि पाणी प्यायला गेला. पूर्वी असं काही झालं की तो दोन दिवस खात नसे. पूर्ण बरा झालाय असं डॉक्टरबाई म्हणत नाहीत. गोळी अजून चालू आहे, आणि कोणी विचारलं तर कृष्णप्रसाद तिचं नाव सांगतात.

दुकान तेच आहे, पण गर्दी थोडी कमी झाली. चिठ्ठी नसेल तर ते बऱ्याच गोळ्या देत नाहीत, म्हणून काही जण पुढच्या दुकानात जातात. कोणी जुन्या सवयीने "डॉक्टर सार" म्हणालं की ते मान वर न करता म्हणतात, "मी डॉक्टर नव्हे."

विशालाक्षी मामी त्या दिवसापासून दुकानात आल्या नाहीत. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठून येतात, कृष्णप्रसादांना माहीत नाही. रस्त्यात समोर आल्या तर त्या त्यांच्याकडे बघतात, आणि त्यांच्या बघण्यात ओळख असते, पण त्या थांबत नाहीत. कृष्णप्रसाद हात जोडतात. जोडलेले हात खाली कधी घ्यावेत हे त्यांना दर वेळी कळत नाही.

अलमेलु मात्र मामींकडे जाते. परवा दुपारी ती तिकडून परतली तेव्हा कृष्णप्रसाद ओसरीवर गुळ्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसले होते.

"काय म्हणाल्या?" त्यांनी मान खाली ठेवूनच विचारलं.

"गुळ्याचं विचारलं. आता जेवतो का, झोपतो का."

ते थांबले. "अन्?"

"तुमचं नाही विचारलं," अलमेलु म्हणाली, आणि आत जाऊन दिवाबत्तीची तयारी करू लागली. कृष्णप्रसादांनी गुळ्याचा कान उलटा केला आणि पुढची गोचिडी शोधू लागले.